तीन महिन्यांची साखर

९ जानेवारी

वजन ८६.५. अट ७५ ची.

ही वही आजपासून. ताईच्या दोन्ही किडन्या मिळून चौदा टक्के काम करतात, आणि मला माझी एक तिला द्यायची आहे. रक्त जुळलं. साखर नॉर्मल, रक्तदाब नॉर्मल, हृदय घोड्यासारखं. प्रत्यारोपण विभागातल्या यादीवालीने (हुद्दा लांबलचक आहे, पण यादी तिच्याच हातात असते) सगळे कागद उलटसुलट पाहिले आणि मला काट्यावर उभं केलं. मग म्हणाली, तुमच्या उंचीला पंचाहत्तरच्या वर आम्ही घेत नाही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत उतरवा. तोवर ताईंच्या किडन्या तग धरतील, त्यानंतर त्यांना डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागेल.

मी विचारलं, माझी किडनी जाड आहे का? ती हसली नाही. भूल देण्यातला धोका, मागे राहणाऱ्या एकट्या किडनीवर पडणारा भार, सगळं तिने शांतपणे समजावलं. सगळं बरोबर होतं, म्हणून जास्तच चीड आली. चुकीच्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

१५ जानेवारी

हार्मोनवाल्या डॉक्टरांकडे. नुसत्या पथ्याने सात महिन्यांत साडेअकरा किलो उतरणं कठीण, असं त्यांचंही मत. म्हणून औषध. त्यांनी कागदावर तीन चौकोन काढले. तिन्ही औषधं मुळात साखरेच्या रोग्यांची. जेवल्यावर आतडं मेंदूला जो निरोप धाडतं, त्याची ती नक्कल करतात. पोट सावकाश रिकामं होतं, भूक मंदावते, वजन उतरतं.

पहिलं रोज टोचायचं. सगळ्यांत जुनं, उतार बेताचा. दुसरं आठवड्यातून एकदा, उतार बरा. तिसरंही आठवड्याचंच, पण ते एकाऐवजी दोन निरोपांची नक्कल करतं आणि तिघांत तेच जोरदार. मी त्यांची नावं ठेवून टाकली: रोजचं, आठवडी आणि दुहेरी.

म्हटलं, मग दुहेरीच द्या. ते म्हणाले, दुहेरी आपल्या रुग्णालयाच्या यादीत अजून आलेलं नाही. मग आठवडी? त्याचा तुटवडा आहे, ते आधी साखरेच्या रोग्यांना. ताई गेली दोन वर्षं आठवडीवरच आहे, वरच्या मात्रेवर. तिची साखर त्यानेच लगामात राहिली आहे. तेव्हा मला काय, तर रोजचं. म्हणजे जे सगळ्यांत कमी चालतं ते मला, कारण तेवढंच शिल्लक आहे. इतिहास शिकवताना मी मुलांना सांगते की टंचाईच्या काळात माणसाची योग्यता आधी कागदावर ठरते आणि मग पोटात. आता मुलांना सांगायला ताजं उदाहरण मिळालं.

२ फेब्रुवारी

सकाळी टोचलं की दुपारपर्यंत मळमळ. नववीच्या वर्गात क्रांतीची कारणं सांगताना दोनदा खिडकीशी जाऊन उभी राहिले. मुलांना वाटलं, बाई भावुक झाल्या.

वजन ८५.८. एवढ्या मळमळीला सातशे ग्रॅम.

२० फेब्रुवारी

गणिताच्या सरांनी पट्ट्याला चौथं भोक पाडलं. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवून झालं. ते खाजगी दवाखान्यातून दुहेरी घेतात. साखर नाही, रक्तदाब नाही, काही नाही. फक्त शाळेच्या जुन्या फोटोत दिसतात तसं दिसायचं आहे. चार महिन्यांत बारा किलो. भिंतीवरच्या तक्त्याच्या मागच्या बाजूला त्यांनी स्वतःचा आलेख काढून ठेवलाय.

मी त्यांना चांगलं झाडलं. रोग्यांच्या तोंडचं औषध हौशी लोक पळवतात म्हणून खिडकीवर रांगा लागतात, हे सगळं. सर शांतपणे म्हणाले, "बाई, भूक काय फक्त पुण्यवान लोकांचीच मारायची?"

घरी येईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही. आत्ता सुचलंय, पण सर इथे नाहीत.

१४ मार्च

८३.९. दोन महिन्यांत अडीच किलो. या चालीने मी ऑक्टोबर संपताना पोहोचेन आणि ताई ऑगस्टमध्ये मशीनवर. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी कुठेतरी फोन फिरवले. रुग्णालयाला आठवडीचा थोडा जास्तीचा साठा आलाय, त्यातली सुरुवातीच्या दोन पायऱ्यांची टोचायची पेनं मला मिळणार. एका पेनात चार मात्रा, म्हणजे एक महिना. पहिला महिना अगदी कमी, दुसरा त्याच्या दुप्पट, तिसऱ्यापासून वरची पायरी. पायरी गाळायची नाही, नाहीतर ओकून हैराण व्हाल, असं बजावलं.

औषधांची खिडकी चष्मेवाल्याकडे असते. दोन चष्मे, एक नाकावर, एक कपाळावर. पेन देताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या ताटातला घास उचलला होता.

३ एप्रिल

आठवडी आणि रोजचं यांत जमीन-अस्मानाचा फरक. रोजचं म्हणजे दारात उभं राहून कटकट करणारं माणूस. आठवडी एकदा येतं, बसतं, आणि घर गप्प होतं. काल परीक्षेचे पेपर तपासताना संध्याकाळी आठ वाजले आणि दुपारपासून काही खाल्लं नाही हे लक्षातच आलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा. पन्नास वर्षं जे डोक्यात सतत चालू होतं, ते इच्छाशक्तीच्या अभावी चालू होतं असं सगळ्यांनी मला सांगितलं, आणि मी ते मानलं. त्या सगळ्यांचा हिशेब मी कधीतरी करणार आहे.

ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, मला तर कधी एवढं जाणवलं नाही बाई, माझी आपली साखर तेवढी ताब्यात राहते.

१४ मे

८०.७. आणि खिडकी बंद.

चष्मेवाल्याने आजच्या तारखेचं परिपत्रक दाखवलं. आठवडी यापुढे फक्त ज्यांच्या कागदावर मधुमेहाची नोंद आहे त्यांना. मी माझी फाइल उघडली, किडनी, बहीण, ऑगस्ट, सगळं सांगितलं. रांगेतल्या लोकांनीही ऐकलं, कारण माझा आवाज तसा ऐकू जातोच. तो म्हणाला, बाई, मला पटतंय, पण मला पटून उपयोग नाही. मी म्हटलं, मग माझी साखर वाढवून येऊ का? रांगेतलं कुणीतरी हसलं. तो नाही हसला. कपाळावरचा चष्मा नाकावर घेऊन त्याने परिपत्रक पुन्हा वाचलं, जणू दुसऱ्या काचेतून त्यात काही वेगळं लिहिलेलं सापडेल.

खरं तर नियम योग्य आहे. फेब्रुवारीत मी स्वतः हाच नियम ठणकावून सांगितला होता. तेव्हा तो माझ्या बाजूने होता.

ताईकडे जाऊन दोन तास बोलले. रडले असं लिहायला लाज वाटते. ती पाठीवर हात फिरवत राहिली. चार महिने मी हिच्यासाठी धडपडतेय आणि धीर तीच देते.

१८ मे

भाऊजी शाळेच्या फाटकाशी आले. घड्याळाच्या दुकानातून थेट, डोळ्यावरचं भिंग कपाळावर तसंच. रुमालात गुंडाळलेलं पेन हातात ठेवलं आणि म्हणाले, ओळखीतून मिळालं, विचारू नका. दर महिन्याला मिळेल.

नवीन, सीलबंद. बरोबर माझ्या पुढच्या पायरीचं. नशीब म्हणतात ते हेच. वरचं नाव-पत्त्याचं लेबल खरवडून काढलेलं, पण इतक्या सफाईने की प्लास्टिकवर ओरखडाही नाही. काळाबाजारवाल्यांमध्येही कसबी हात असतात.

मी भाषण द्यायला तोंड उघडलं होतं. हे कुणाच्या तरी वाट्याचं असणार, कुणीतरी आज खिडकीवरून रिकाम्या हाताने परतलं असणार, हे मला माहीत होतं. भाऊजींनी नुसतं पाहिलं माझ्याकडे. मी पेन पर्समध्ये टाकलं. त्या अनोळखी माणसाची मी इथे, या वहीत, माफी मागते. दुसरीकडे कुठे मागणार.

९ जून

७९.१.

ताईने साखरेची वही दाखवली. गेल्या महिनाभराचे रोजचे आकडे: ११८, १२२, १२०, ११९. एकाच शाईत, एकाच वळणाचं अक्षर, एका ओळीत बसवलेलं. मी भाऊजींना म्हटलं, बघा, याला शिस्त म्हणतात. माझ्या मुलांना ही वही नेऊन दाखवावीशी वाटते. भाऊजी स्वयंपाकघरात निघून गेले. या माणसाला बायकोचं कौतुक ऐकवत नाही.

१ जुलै

७७.६. गणिताच्या सरांचं दुहेरी सुटलं, दवाखान्याने दर बदलले म्हणे, आणि पट्टा एक भोक मागे आला. त्यांनी आलेख तक्त्यामागून काढून टाकला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्यांच्या डब्याकडे ते ज्या नजरेने बघतात ती मी ओळखते.

१३ जुलै

ताईकडे जेवायला. ती जेवताना चार वेळा उठली. दोनदा पाण्यासाठी, दोनदा पाण्यामुळे. पेपर हातभर लांब धरून वाचत होती. डोळे तपासून घे म्हटलं तर म्हणाली, किडनी आली की डोळे पण येतील. मी विचारलं, औषध वेळेवर घेतेस ना? "तुझ्या आधी," ती म्हणाली आणि हसली.

फ्रिजमधून पाण्याची बाटली काढताना दारात अर्धी संपलेली जॅमची बाटली दिसली. मनात नोंद केली.

१० ऑगस्ट

७४.८.

यादीवालीने मला काट्यावरून उतरवून पुन्हा चढवलं. ७४.८. तिने पहिल्यांदा माझ्याशी हात मिळवला. औषध कोणतं घेतलंत, असं ओझरतं विचारलं. आठवडी, एवढंच सांगितलं. २४ तारखेला शस्त्रक्रिया ठरतेय. उद्या ताईच्या शेवटच्या तपासण्या.

मी बसने न जाता चालत घरी आले. साडेअकरा किलो म्हणजे केवढं असतं हे पाहायला वाटेत धान्याच्या दुकानात दहा किलोची पिशवी उचलून बघितली. दुकानदार म्हणाला, घेताय का? म्हटलं, नाही, देऊन आले.

१३ ऑगस्ट

सगळं पाण्यात.

ताईची तीन महिन्यांची साखर १०.४. आठच्या आत हवी. ही तपासणी एका सकाळचा आकडा बघत नाही, मागच्या तीन महिन्यांत रक्तात सरासरी किती साखर होती ते सांगते. त्या दिवशी उपाशी पोटीची साखर १२४ होती, सुरेख. पण रक्ताने सगळं लक्षात ठेवलं होतं. या साखरेत नवी किडनी लावली तर जखम भरणार नाही, किडनीही टिकणार नाही. शस्त्रक्रिया रद्द.

मी यादीवालीसमोर ताईला बोलले. सगळं बोलले. मी सात महिने अर्ध्या पोटी काढले आणि तुला जीभ आवरता आली नाही. जॅम खात होतीस ना? ती वही काय माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला ठेवली होतीस?

ताई खाली मान घालून म्हणाली, "खाल्लं गं चोरून. चुकलं माझं."

भाऊजी काहीतरी म्हणणार होते. तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

१६ ऑगस्ट

तीन दिवस फोन केला नाही. तिनेही नाही. राग उतरत नाही. लोकांची अडाणी समजूत आहे की जाड माणसाला ताबा नसतो. मी ताबा ठेवला. जिचं कौतुक आयुष्यभर 'बारीक आणि शहाणी' म्हणून झालं, तिने नाही ठेवला.

१७ ऑगस्ट

भाऊजींना ताप. ताईचं या महिन्याचं पेन आणायला मी गेले. तिच्यासाठी नाही, त्यांनी विनवलं म्हणून.

चिठ्ठीवरचा ताईच्या साखरेचा आकडा वाचून चष्मेवाला गोंधळला होता. म्हणाला, "तुमच्या ताईंनी एकही महिना चुकवला नाही. सोळा मे, सोळा जून, सोळा जुलै, यजमान स्वतः येऊन घेऊन गेले. औषध पोटात जात असताना साखर दहावर? डॉक्टरांना सांगा, यांना हे लागू पडत नाही."

बोलता बोलता त्याने पेन पुढे केलं. मधोमध पांढरं लेबल, त्यावर ताईचं नाव. बरोबर त्या जागी, बरोबर तेवढं.

मागचे लोक कुरकुरेपर्यंत मी खिडकीशी उभी होते.

घरी येऊन ही वही उलटी चाळली. सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं आहे. तारखा, लेबल, पायरी, पाणी, शाई. मुलांनी एकमेकांचं बघून लिहिलेलं उत्तर मी पहिल्या ओळीत पकडते. आणि एका बैठकीत लिहिलेले तीस दिवसांचे आकडे वाचून मी शिस्तीचं कौतुक केलं. ज्या अनोळखी माणसाची माफी मागितली होती, त्याच्या घरी दर रविवारी जेवत होते.

१८ ऑगस्ट

ताईकडे गेले. भांडायलाच गेले होते, दुसरं मला येत नाही. तिने दार उघडलं, माझ्या हातातलं पेन बघितलं आणि बाजूला झाली.

मी विचारलं, हे करायला तुला कुणी सांगितलं? म्हणाली, कुणी नाही. तू त्या दिवशी इथे बसून रडलीस. मला वाटलं, तीन महिने माझी साखर थोडी इकडेतिकडे झाली तर झाली. किडनी आली की सगळं मार्गी लागेल. तपासणीच्या आधी आठ दिवस कडक पथ्य केलं, की आकडा बरा येतो. नेहमी तसंच करते मी.

"ताई, ती तपासणी तीन महिने मागचं बघते."

"हे मला कुणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तुला माहीत होतं?"

मला माहीत होतं. मला जानेवारीपासून सगळं माहीत होतं. तिन्ही औषधांत कशाने वजन किती उतरतं, कशाने किती मळमळतं, हे मी शिक्षकांच्या खोलीत, बसमध्ये, रांगेत, ऐकेल त्याला सांगितलं. ज्या एका बाईच्या आयुष्याला ते औषध टेकू देत होतं, तिला ते सुटल्यावर काय होतं, हे सांगायचं मला सुचलं नाही. त्या रकान्यात मी तिला धरलंच नव्हतं.

मग जॅमचं कबूल का केलंस, असं विचारलं. ती म्हणाली, तू चिडलीस की लवकर निवळतेस. कळलं असतं तर स्वतःवर चिडली असतीस, आणि ते तुला निभत नाही.

२५ ऑगस्ट

विभागाचा नवा अर्ज. देणाऱ्याने लिहायचं: वजन कसे घटवले, कोणते औषध, कोणाच्या चिठ्ठीवर, कोठून मिळाले.

ताईचा आग्रह, चष्मेवाल्याने दिलं असं मोघम लिही. भाऊजी म्हणाले, गणिताच्या सरांकडून उसनं घेतलं असं लिहा. दोघांनी माझ्यासाठी तयार केलेलं खोटं इतकं कच्चं होतं की मला त्यांची दया आली. खरं लिहिलं तर दोघींची फाइल बंद होईल, ही त्यांची भीती. माझीही. पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवणाऱ्यांना खोटा कागद द्यायचा आणि वर त्यांनी आपली काळजी घ्यावी म्हणायचं, हे मला जमणार नाही. लिहिलं: 'मे ते ऑगस्ट, माझ्या बहिणीच्या वाट्याचे. मला ठाऊक नव्हते. ठाऊक असायला हवे होते.'

यादीवालीने तीनदा वाचलं. म्हणाली, हे आमच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. मग दार लावून घेतलं आणि समितीला फोन केला.

निकाल असा. फाइल उघडी. ताईने तिचं औषध तिच्याच पोटात घ्यायचं, दर आठवड्याला विभागात येऊन, परिचारिकेच्या देखत. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. आणि माझं औषध बंद. औषधाशिवाय तीन महिने पंचाहत्तरच्या आत राहून दाखवायचं.

१९ सप्टेंबर

७५.३. भूक परत आली आहे. ती पूर्वीचीच आहे, फक्त मधल्या काळात सुट्टीवर जाऊन ताजीतवानी होऊन आली आहे. वर्गात, रस्त्यात, झोपेत बोलते. मी आता तिला इच्छाशक्तीचा अभाव म्हणत नाही. तिचं नाव भूक आहे आणि तिच्याशी रोज वाटाघाटी कराव्या लागतात.

गणिताचे सर दुपारी माझ्याबरोबर मैदानाला फेऱ्या मारतात. बोलत नाही आम्ही फारसं. आज ते म्हणाले, "सात फेऱ्या म्हणजे अर्धा पाव." मी म्हटलं, सर, आज गणित नको.

६ ऑक्टोबर

ताईच्या किडन्या थांबल्या नाहीत आमच्यासाठी. आज पहिलं डायलिसिस.

लांबट खोली, आठ खाटा, आठ मशीन. चार तास. ताईच्या मानेतल्या नळीतून रक्त बाहेर येतं, फिरतं आणि आत जातं. ती घाबरली होती, पण परिचारिकेशी हवापाण्याच्या गप्पा मारत होती. मी खुर्चीत. सकाळपासून एक अंडं आणि काळी कॉफी, कारण उद्या माझं वजन आहे. आज घरच्या काट्यावर ७५.१.

दुसऱ्या तासाला खोली शांत झाली आणि माझं पोट वाजलं. लहानसहान नाही; पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांनी वळून बघितलं.

ताईचे डोळे मिटलेलेच होते. "ऐकू आलं," ती म्हणाली. "जा, काहीतरी खाऊन ये."

"उद्या वजन आहे."

"मग भाषण कर. एवढ्या लोकांत तुझा आवाज चालेल, तुझ्या पोटाचा नको."

माझ्याकडे भाषण होतं. समितीवर, परिपत्रकांवर, ज्या रांगेत दोन बहिणींना एकमेकींच्या पुढे उभं राहावं लागतं त्या रांगेवर. सगळं पाठ आहे. मी तोंड उघडलं आणि पोट पुन्हा वाजलं, आधीपेक्षा लांब.

ताई हसायला लागली. हसल्यावर नळी हलते म्हणून परिचारिका धावत आली, कोण हसवतंय यांना म्हणून रागावली. आजोबांनी माझ्या पोटाकडे बोट दाखवलं.

मी पोटावर हात घट्ट धरून बसून राहिले. अजून दोन तास दहा मिनिटं होती.